चिनूनं पसंत केलेले बूट

गजू,

तुझ्या तेरवीचे बूट तुझ्या लेकीनं, चिनूनं पसंत केले. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तेरवी होऊन अजून आठवडा उलटला नाही आणि घरात कोणी तुझं नाव घेईना. घेतलं की वैशाली उठून आत जाते, आणि मोठेबा लगेच पेरणीचा विषय काढतात. अरे, घरचं माणूस गेलं तर त्याच्याबद्दल चार शब्द बोलावेत की नाही? चांगला धडधाकट बायको-लेकराचा माणूस एका सकाळी गेला, आणि हे बसलेत सोयाबीन पेरावं की तूर ते ठरवत.

लिहायला बसले की माझ्या हातून अशी शाळेतली मराठी उतरते. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, पुस्तकावानी काहून बोलून राहिली वं?" म्हण. चार वाक्यं तरी तुझ्याशी शहाण्यासारखी बोलू दे. उभ्या जन्मात भांडण सोडून दुसरं काही केलं नाही मी तुझ्याशी.

आणि आधीच सांगते, मला तुझा राग आला आहे. गेलेल्यावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. आपलं भांडण अर्धं टाकून तू निघून गेलास, आणि आता मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडत बसते. पोळ्या लाटता लाटता तुझी उत्तरं मीच देते. माझ्या खानावळीतली पोरं परवा एकमेकांकडे पाहून गप्प झाली. काकू बडबडायला लागल्या, असं त्यांना वाटलं असेल.

भांडण तरी कशावरून, तर बुटांवरून. तुझं म्हणणं, पोरीला बूट पायाच्या मापाचेच घ्यायचे. माझं म्हणणं, वाढत्या पायाला एक नंबर मोठेच घ्यावेत, जगात सगळे घेतात. तू ऐकत नव्हतास. का ऐकत नव्हतास ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी बोलत होते. बहिणी बोलतातच.

लहानपणी वलगावात आपल्याला कोणी दुकानात नेलं होतं? शाळा उघडायच्या आधी बाबा अंगणात एकेकाला उभं करायचे, ज्वारीचा वाळका धांडा पायाखाली धरायचे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, वर एक बोट वाढत्या पायाचं, आणि कटकन मोडून खिशात टाकायचे. तुझा एका खिशात, माझा दुसऱ्या. मग ते एस.टी.नं अमरावतीच्या बाजारात जायचे. दुकानदार त्या धांड्याला बूट लावून पाहायचा. आपण दोघं फाट्यावर बाबांची वाट पाहत बसायचो. दुकान कसं असतं, तिथं पाय पुढं कसा करायचा, हे आपल्याला माहीतच नव्हतं. आपला पाय जायचाच नाही, धांडा जायचा.

त्या एका वर्षी बाबांनी दोन्ही धांडे एकाच खिशात टाकले. झालं! तुझे बूट माझ्या मापाचे आले आणि माझी सँडल तुझ्या मापाची. मी अंगणात लोळण घेतली, आईनं दोन रपाटे दिले. तू मात्र घरातला कापूस आणून बुटाच्या तोंडात कोंबलास आणि ते होडकं पायात घालून वर्षभर फटक फटक शाळेत गेलास. पोरं हसायची, गुरुजीही हसायचे. पळण्याच्या शर्यतीत बूट मागं राहिला आणि तू पुढं गेलास, तेव्हा तर सगळी शाळा हसली. घरी येऊन तू गोठ्यामागं रडलास. मी पाहिलं होतं. तुला कधी बोलले नाही.

म्हणून चिनू चालायला लागली तेव्हा तू फोन करून काय म्हणालास ते मला आजही ऐकू येतं. "ताई, माह्या पोरीचा पाय सोता दुकानात जाईन. धांडा नाही."

आणि खरंच नेलास. तुमच्या अकोल्यात काय बुटांची दुकानं नाहीत? पण नाही, ह्याला अमरावतीच पाहिजे, तीच बाजारपेठ, जिथून आपले बूट यायचे. सकाळच्या बसनं बापलेक यायचे, राजकमल चौकात उतरायचे, आणि बूट घेऊन झाले की माझ्याकडे जेवायला. एकदा मी तुमच्याबरोबर आले होते. काय तो थाट! चिनू दुकानाच्या पायरीवरूनच ओरडली, "काका, आमी आलो!" तू स्टुलावर न बसता फरशीवर मांडी घालून बसलास. तिचा पाय मांडीवर घेतलास, बूट चढवलास, वरून अंगठ्यानं दाबून विचारलंस, "बोटं हालतात का?" ती म्हणाली हालतात. मग तिनं दुसरा बूट नाकाशी धरून वास घेतला, तुलाही दिला, तूही घेतलास. मग आरशापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मग पळून पाहायचं. मग उडी मारायची. जुने बूट डब्यात आणि नवे पायात, हा तिचा कायदा. रस्त्यानं ती सारखी खाली पाहून चालत होती, एका बाईच्या पोटावर जाऊन धडकली, आणि त्या बाईलाच म्हणाली, "माहे नवे हायेत!"

मी म्हणाले, "गजू, पोरीले माजवून ठेवशीन तू. दिवाळीपावतर लहान होतीन हे."

"लहान झाले तं दुसरे घेईन," तू म्हणालास. "मी हावो ना."

हावो म्हणे, आहे म्हणे! गुरुवारी फोनवरही तेच म्हणालास. चिनू सुट्टीत माझ्याकडे होती, शाळा उघडायला आली होती. रविवारी येतो, बूट घेतो आणि पोरीला घेऊन जातो, असा तुझा बेत होता. मी म्हटलं, या वेळी तरी एक नंबर मोठे घे. तू हसलास. "तू मंधात बोलू नोको. मी हावो ना." आणि शुक्रवारी सकाळी दुकानात जायला अंगणातून गाडी काढताना खाली बसलास तो बसलासच. औषधांच्या होलसेल दुकानात आयुष्य गेलं तुझं, आणि तुझ्या तोंडात एक गोळी घालायला कोणाला सवड मिळाली नाही. मी कोणावर चिडू, सांग.

तुझ्या दोस्ताचा, प्रमोदचा फोन आला तेव्हा चिनू माझ्यासमोर आंबा चोखत होती. हाताच्या कोपरापर्यंत रस. मी तिच्याकडे पाहिलं आणि "हो, हो" एवढंच म्हणत राहिले. तिला शेजारच्या वहिनींकडे सोडून अकोल्याला आले. तुला नेलं, ते तिच्याशिवाय नेलं.

हे मोठेबांनी ठरवलं. बाबांचे थोरले भाऊ, बाबांच्या माघारी घरातला मोठा माणूस म्हणून आपण त्यांचं ऐकत आलो. ते म्हणाले, "लेकरू हाये ते. आताच नोका सांगू. पप्पाले नागपूरले दवाखान्यात नेलं म्हना. तेरवी होऊ द्या, मंग पाहू."

मी म्हणाले, "मोठेबा, खोटं बोलाले मी नाही येत."

"येत नसन तं चूप राह्य."

मी भांडले असते, तुझी शपथ. पण वैशालीनं माझा हात धरला. "ताई, तिनं मले काही इचारलं तं मी मरून जाईन. थोडे दिवस तुमच्यापाशीच राहू द्या तिले." तिच्या रिकाम्या कपाळाकडे पाहून मी मान डोलावली. तू माझ्या तोंडाला फाटकं म्हणायचास ना? ते फाटकं तोंड शिवून मी अमरावतीला परत आले.

ते दिवस कसे काढले ते विचारू नकोस. अकोल्याला जाऊन मी रडून यायचे आणि बसस्टँडच्या नळावर तोंड धुऊन घरात शिरायचे. चिनू दारातच विचारायची. पप्पाले सुई टोचली का? पप्पा रडले का? दवाखान्यातल्या पोळ्या कशा असतात? रविवार आला, गेला. संध्याकाळी ती म्हणाली, "आत्या, दवाखान्याले रविवारची सुट्टी नसते का?" मी म्हटलं नसते. एवढं एक मी खरं बोलले.

मग तेरवीचं सामान निघालं. तुझ्या वयाच्या माणसाला तुझ्या नावानं द्यायचं, कपडे, छत्री, गादी, तांब्या, पायतण. प्रमोदचं नाव ठरलं. पायतण आपल्याकडे बहिणीकडून असतं. मोठेबा म्हणाले, साधी चप्पल आन, चालते. मी म्हटलं, चालते कशी? चप्पल घातलेला गजू पाहिला का कोणी? लग्नाला बूट, शेतात बूट, दूध आणायला जायचा तरी बूट. बूटच देईन.

तेरवीच्या आदल्या दिवशी तुझे भाऊजी मांडवाच्या कामाला अकोल्याला गेलेले. शेजारच्या वहिनीही गावाला. मी पिशवी घेतली तर चिनू दारात उभी. "कुठी चाल्ली?"

"राजकमलले."

"बुटाच्या दुकानात?" माझ्या तोंडावरूनच ओळखलं कारटीनं. मी उत्तर देईपर्यंत ती ऑटोत जाऊन बसली होती.

दुकान तेच. माणूसही तोच. चिनू पायरीवरून ओरडली, "काका, मी आली!" त्यानं लगेच तिच्या मापाचे डबे काढले. मी म्हटलं, हिचे नंतर घेऊ, आज मोठ्या माणसाचे दाखवा. चिनूचा चेहरा उतरला. दुकानदारानं नंबर विचारला. आणि गजू, मला तुझा नंबर माहीत नव्हता. सख्ख्या भावाच्या पायाचा नंबर मला ठाऊक नाही!

"कोनासाठी घेऊन राहिली?" चिनूनं विचारलं. मग तीच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "पप्पासाठी? आत्या, पप्पा येऊन राहिले?"

पप्पासाठी का, याला मी हो म्हटलं. येऊन राहिले का, याला काहीच म्हटलं नाही. तिनं दोन्हींचं उत्तर हो असंच धरलं.

मग मला कोणी विचारलंच नाही. "आठ नंबर काढा!" ती दुकानदाराला म्हणाली. स्वतःचे बूट साफ विसरली. फरशीवर मांडी घालून बसली, एकेक बूट मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबू लागली. हा नको, पप्पाची करंगळी दुखते, तोंड रुंद पाहिजे. हा नको, याची लेस मोठी आहे, पप्पाला घाई असते. हा नको, हा म्हाताऱ्याचा दिसते. शेवटी एक तपकिरी जोड तिच्या मनात भरला. वास घेतला. मला दिला, मीही घेतला. मग आपले दोन्ही पाय तिनं त्या बुटांत घातले आणि आरशाकडे निघाली. फटक फटक. दोन्ही हात मागं, मान वर, तू चालतोस तसं थोडं उजवीकडे झुकून. आरशापुढं उभी राहून तुझ्या आवाजात म्हणाली, "वैशाली, डब्बा झाला का?"

दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसले. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

डबा बांधून देताना दुकानदार तिला म्हणाला, "लहान-मोठा झाला तं पप्पाले घेऊन ये बेटा. बदलून देतो."

"आनतो ना," चिनू म्हणाली.

ऑटोत तो डबा तिनं मांडीवर घेतला, मला धरू दिला नाही. घरी आल्यावर देवापुढं ठेवला. जेवताना दोनदा उठून पाहून आली. आणि माझ्या लक्षात आलं की उद्या हिला ठेवायला इथं कोणी नाही, सोबत न्यावंच लागणार, आणि मोठेबांच्या सांगण्याप्रमाणे गप्प राहिलं तर ही पोर नाचत घरात शिरणार, आणि हिनं वास घेऊन निवडलेले बूट हिच्या डोळ्यांदेखत प्रमोदच्या पायात जाणार. तिथं, त्या गर्दीत, हिला कळणार.

सकाळी अकोल्याच्या बसमध्ये मी तोंड उघडत होते आणि मिटत होते. बडनेरा गेलं. मूर्तिजापूरला बस थांबली, माणसं चहाला उतरली, गाडी रिकामी झाली. चिनूच्या मांडीवर डबा. मी म्हटलं, "चिनू, पप्पा नागपूरले नाहीत बेटा. पप्पा वारले."

ती म्हणाली, "वारले म्हन्जे मेले?"

"हो."

"मंग हे?" तिनं डब्यावर हात ठेवला.

मी सांगितलं. प्रमोदकाका घालतील, तुझ्या पप्पाच्या नावानं, म्हणजे पप्पाला वाटेत पायाला काटा लागत नाही. हे सांगताना मलाच माझी लाज वाटली. ती रडली नाही. तिनं डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले तर तिनं मान बाजूला घेतली.

घरी पोचलो तेव्हा वैशालीनं तिचं तोंड पाहिलं आणि ओळखलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तेव्हा कुठे चिनू रडली. मोठेबांनी मला बाजूला घेतलं. "सांगतलंच ना तू?"

"सांगतलं," मी म्हणाले. "लोकाच्या पायात बापाचे बूट पाहून तिले समजाव, त्यापक्षा माह्या तोंडून समजलेलं बरं." ते पाट मांडायला निघून गेले. मला वाटलं, मी जिंकले. खरंच तसं वाटलं मला, गजू.

प्रमोदला पाटावर बसवलं. तुझ्यापेक्षा त्याचा पाय मोठा निघाला. टाच आत जाईना. कोणीतरी चमचा आणून दिला. तो टाचेमागं घालून त्यानं पाय रेटला, कपाळावर घाम आला त्याच्या. मोठेबा म्हणाले, "घाल बाप्पा, काही होत नाही." घातला त्यानं. बिचारा तुझ्यासाठी काहीही घालेल. मग रीतीप्रमाणे छत्री घेऊन दारातून निघाला. मागं वळायचं नाही, आणि कोणी हाक मारायची नाही. डाबकी रोडच्या कोपऱ्यापर्यंत तो लंगडत गेला. चिनू माझ्या पदराआडून त्याच्या पायांकडे पाहत होती, तो वळून दिसेनासा झाला तरी पाहत होती.

दुपारी पंगती उठल्या, पाहुणे पांगले. चिनू गच्चीच्या पायऱ्यांवर एकटी बसलेली दिसली. मी जाऊन खालच्या पायरीवर बसले. तिचे पाय अनवाणी होते, धुळीनं भरलेले. अंगठ्यानं ती पायरीवरची माती उकरत राहिली. मग म्हणाली, "आत्या, दुकानात तुले मालूम व्हतं?"

"हो."

"मंग तू हासली काहून?"

हिला बरं वाटावं म्हणून हसले, असं सांगता आलं असतं. पण ते खोटं होतं, आणि खोटं बोलून मी कंटाळले होते. मी खरीखुरी हसले होते, गजू. ती आरशापुढं मान वर करून उभी राहिली तेव्हा तू मेला नव्हतास. तिला तर नव्हतासच, पण तेवढ्यापुरता मलाही नव्हतास. त्या दिवसांत मला तेवढाच काय तो श्वास मिळाला. तुझ्या पोरीनं दिला. तिचे हे उपकार मी कसे फेडू?

मी म्हटलं, "मी इसरली व्हती बेटा. तू पप्पाचे बूट घालून चालून राहिली व्हती ना, तं पप्पा नाहीत हे मी पार इसरूनच गेली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मी बी तं तशीच व्हती," ती म्हणाली. "मंग मले सांगतलंच काहून?"